आंबोलीतल्या पतंगांची हजेरी

भारतात फुलपाखरांच्या जाती तेराशेहून थोड्या अधिक आहेत. त्यांच्याच गणातल्या, त्यांच्यासारखेच खवल्यांचे पंख असलेल्या पतंगांच्या जाती दहा हजारांच्या पुढे जातात. म्हणजे एका फुलपाखरामागे सात-आठ पतंग. तरी मान सगळा फुलपाखरांचा. त्यांच्यासाठी उद्यानं झाली, 2015 मध्ये ब्लू मॉर्मन महाराष्ट्राचं राज्य फुलपाखरू झालं, आणि शाळकरी मुलंही आज चार-पाच फुलपाखरांची नावं सांगतात. पतंग आपल्याला माहीत असतो तो दिव्यावर झेपावून मरणारा, नाहीतर पिकावर अळ्या सोडून जाणारा. जो जीव आपण झोपल्यावर कामाला लागतो त्याच्याबद्दल आपण इतकं कमी जाणतो, हे मला फार दिवस खटकत होतं. म्हणून मे महिन्याच्या अखेरीस, वैशाख अमावास्येच्या अलीकडचा शनिवार-रविवार धरून, आम्ही काही जण आंबोलीला गेलो.

आंबोली सिंधुदुर्गातल्या सावंतवाडी तालुक्यात, समुद्रसपाटीपासून सुमारे 690 मीटरवर, घाटमाथ्याच्या अगदी कडेला वसलेली आहे. अरबी समुद्रावरून येणारे ढग याच कड्याला पहिल्यांदा अडतात, त्यामुळे इथे वर्षाला 7000 मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. पर्यटक येतात ते जुलै-ऑगस्टमध्ये, धबधब्याखाली भिजायला. रानाला जाग येते ती त्याआधीच. वळवाच्या दोन-तीन सरी झाल्या, जमीन वरच्या थरात ओली झाली, की जमिनीत दडलेले कोश फुटायला लागतात. हवा दमट, उबदार आणि पडलेली. आभाळात चंद्र नाही. पतंग बघायला याहून चांगली रात्र मिळणं कठीण.

पडदा लागतो तेव्हा

यासाठी लागणारं साहित्य कुठल्याही घरात सापडेल. दोन झाडांमध्ये ताणलेली दोरी, तिच्यावर टाकलेली पांढरी सुती चादर, खाली जमिनीवर आणखी एक चादर आणि समोर दिवा. दिवा मर्क्युरीचा असला तर उत्तम, कारण त्याच्या उजेडात अतिनील किरण भरपूर असतात आणि पतंगांना ते चांगले दिसतात. आम्ही चोक न लागणारा 160 वॅटचा बल्ब वापरला. त्याच्याकडे उघड्या डोळ्यांनी टक लावून बघायचं नसतं, म्हणून गटातल्या मुलांना चष्मे दिले होते. वनखात्याच्या हद्दीत परवानगीशिवाय असा दिवा लावता येत नाही. म्हणून आम्ही उतरलो होतो त्या घराच्या मागच्या मोकळ्या जागेत, जांभळीच्या आणि अंजनीच्या झाडांसमोर, पडदा लावला.

इंग्लंडात पतंगांचे पिंजरे असतात. दिव्याखाली नरसाळं, नरसाळ्याखाली पेटी, पेटीत अंड्यांचे कागदी ट्रे. रात्रभर आत शिरलेले पतंग सकाळी मोजून सोडून देतात. आपल्याकडे उघडा पडदाच जास्त चालतो. त्यावर आलेला प्रत्येक जीव हवं तेव्हा उडून जाऊ शकतो आणि बघणाऱ्याला रात्र कशी बदलत जाते ते समोर दिसतं.

सातच्या सुमारास पहिली आली ती पंख फुटलेली वाळवी, झुंडीनं. पाठोपाठ हुमणीचे भुंगेरे, टपटप आवाज करत. घरमालकीण काकींकडे त्यांचे एक नातेवाईक आजऱ्याकडून आले होते. घरचा ऊस असलेला माणूस. भुंगेरे बघून ते लगेच पुढे झाले. त्यांच्याकडे उसाच्या मुळ्या खाणाऱ्या हुमणीसाठी याच दिवसांत प्रकाश सापळा लावतात. घमेल्यात पाणी, पाण्यात थोडं रॉकेल आणि वर बल्ब. भुंगेरे संध्याकाळी जमिनीतून निघतात, कडुनिंबावर आणि बाभळीवर जमतात, तेव्हाच ते धरले तर पुढची पिढी थांबते. आमच्या पडद्याखाली घमेलं नव्हतं. ते त्यांना पटेना.

"मारायचं न्हाई, तर मग बोलवायचं कशाला?" त्यांनी विचारलं.

प्रश्न रास्त होता. शेतकऱ्याची पतंगांशी गाठ पडते ती नुकसानीतूनच. कापसावरची गुलाबी बोंडअळी, हरभऱ्यातली घाटेअळी, 2018 मध्ये भारतात पहिल्यांदा सापडलेली आणि पाहता पाहता मक्यावर पसरलेली अमेरिकन लष्करी अळी, या सगळ्या पतंगांच्याच अळ्या. संत्र्या-मोसंबीच्या फळाला सोंडेनं भोक पाडून रस पिणारा पतंगही आहे, आणि त्याची अळी वाढते ती रानातल्या गुळवेलीवर. पण ही नावं मोजली तर काही डझन भरतील. उरलेल्या हजारो जातींचा शेताशी काहीही संबंध येत नाही. रानातली पानं खाऊन त्या वाढतात आणि पक्ष्यांच्या, वटवाघळांच्या, बेडकांच्या पोटात जातात. आम्ही त्यांना बोलावलं होतं ते कोण कोण आहे हे पाहायला. हे सांगितल्यावर ते खुर्ची घेऊन पडद्यासमोर बसले आणि अकरापर्यंत उठले नाहीत.

दिव्याकडे का येतात?

आठ ते दहा या वेळात पडदा भरत गेला. आधी बारीक पतंग, तांदळाच्या दाण्याएवढे. मग पंख सपाट पसरून बसणारे जिओमेट्रिड, ज्यांच्या अळ्या पाठ कमानीसारखी उचलत चालतात. मग पांढऱ्या पंखांवर पेन्सिलीनं आखल्यासारख्या बारीक रेघा आणि मागे इवलं शेपूट असलेला मायक्रोनिया. वाळलेल्या पानासारखे, झाडाच्या सालीसारखे, पक्ष्याच्या विष्ठेसारखे दिसणारे कितीतरी. रानात हे डोळ्यांसमोर असूनही दिसत नाहीत. पांढऱ्या कापडावर त्यांची सगळी कारागिरी उघडी पडते.

काकींचा नातू सातवीत आहे. त्यानं सगळ्यांच्या मनातला प्रश्न विचारला. पतंग दिव्याकडे येतात का?

या प्रश्नाचं समाधानकारक उत्तर अगदी अलीकडे मिळालं. पतंग चंद्राच्या आधारे दिशा ठरवतात आणि दिव्याला चंद्र समजून फसतात, असं पुस्तकांतून सांगितलं जात असे. जानेवारी 2024 मध्ये 'नेचर कम्युनिकेशन्स'मध्ये एक संशोधन प्रसिद्ध झालं. सॅम्युएल फेबियन, यश सोंधी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वेगवान कॅमेऱ्यांनी दिव्याभोवतीच्या कीटकांचं उड्डाण टिपलं. त्यात दिसलं की कीटक दिव्याच्या दिशेनं सरळ जातच नाहीत. ते आपली पाठ उजेडाकडे करतात. कोट्यवधी वर्षं रात्रीसुद्धा आकाश जमिनीपेक्षा उजळ राहिलं आहे. उजेडाकडे पाठ ठेवली की आपण सरळ उडतो आहोत, एवढा साधा नियम त्यांना पुरत आला. दिवा बाजूला असला की पतंग त्याच्याकडे पाठ करायला कलतो आणि गोल फिरत राहतो. दिवा खाली असला तर तो हवेतच उलटा होतो आणि पडतो. त्याला दिव्याची ओढ नसते, तो तिथे अडकलेला असतो. याच प्रयोगात कण्हेरीवर वाढणारा हिरवा हॉक मॉथ, डॅफ्निस नेरी, मात्र दिव्यावरून न अडखळता उडून गेला. का, हे अजून शोधायचं आहे. आपल्या दारच्या कण्हेरीवर किंवा तगरीवर बोटाएवढी जाड, निळे डोळे असल्यासारखी दिसणारी हिरवी अळी कधी दिसली तर ती याचीच.

साडेदहाच्या पुढे मोठे पाहुणे यायला लागले. हॉक मॉथ येतो तेव्हा आधी घरघर ऐकू येते. त्यांची सोंड शरीराहून लांब असू शकते. पांढरी, लांब नळीची, रात्री घमघमणारी फुलं उमलतात ती प्रामुख्यानं यांच्यासाठी. परसातल्या पपईच्या फुलांचं परागीभवनही मुख्यतः हेच करतात. दिवसा दिसत नाहीत म्हणून त्या फळाचं श्रेय त्यांना कुणी देत नाही.

आणि मग मून मॉथ आला. फिकट पोपटी, मागच्या पंखांना लांब शेपट्या, पंखांवर एकेक चांदवा. पडद्यासमोरची बडबड आपोआप थांबली. या पतंगाला खाता येईल असं तोंडच नसतं. अळी असताना मोईसारख्या झाडांची पानं खाऊन साठवलेल्या चरबीवर तो आठवडाभर जगतो. तेवढ्यात जोडीदार शोधायचा, अंडी घालायची आणि संपायचं. त्या शेपट्याही नुसत्या शोभेच्या नाहीत. अमेरिकेतल्या लुना मॉथवर 2015 मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत असं दिसलं की उडताना गरगरणाऱ्या शेपट्यांमुळे वटवाघळांचा नेम चुकतो. घाव शेपटीवर पडतो आणि जीव वाचतो. शेपट्या कापलेले पतंग वटवाघळांच्या तोंडी कितीतरी जास्त सापडले.

आमच्याकडे आलेला नर होता. त्याच्या शृंगिका पिसासारख्या रुंद होत्या. मादीनं हवेत सोडलेला गंध या शृंगिका फार लांबून हेरतात. 1959 मध्ये जर्मन रसायनशास्त्रज्ञ आडोल्फ बुटेनांट यांनी रेशमाच्या सुमारे पाच लाख माद्यांपासून असा गंध पहिल्यांदा वेगळा काढला. आज कापसाच्या शेतात लटकणारे कामगंध सापळे त्याच शोधातून आले. आजऱ्याच्या पाहुण्यांनी हे ऐकून मान हलवली. तो सापळा त्यांनी पाहिलेला होता, आता त्यामागचा पतंग पाहिला.

काकी सगळं आवरून आल्या, पडद्यासमोर जरा वेळ उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "हे सगळे आमच्याच रानात रवतत?"

रात्रीचे इतर रहिवासी

मध्यरात्रीनंतर दिवा बंद केला आणि विजेऱ्या घेऊन रस्त्याच्या कडेनं निघालो. रानाला पतंग इतके का लागतात, हे अशा फेरीत कळतं. झुडपाच्या खालच्या फांदीवर मलबारी चापडा वेटोळं करून, डोकं खाली रोखून बसला होता. त्याच्या जवळच पानावर झाडबेडूक. चापड्याचं पोट बेडकावर, बेडकाचं किड्यांवर. रातव्याची टकटक लांबून येत होती. तो उघड्या रुंद तोंडानं उडते पतंग टिपतो. पतंग कमी झाले तर ही साखळी मुळातूनच ढिली पडते.

आंबोलीची खरी दौलत या लहान जिवांत आहे. आंबोली टोड हा लहानसा भेक 2009 मध्ये विज्ञानाला नव्यानं कळला आणि तो जगातल्या अतिसंकटग्रस्त जातींत गणला जातो. कातळसड्यावर पाऊस साचला की उथळ डबक्यांत तो अंडी घालतो, नर रात्रभर साद घालतात. अशा रात्री घाटातून जाणारी वाहनं त्यांच्या जिवावर उठतात. आम्हाला सड्यावरच्या दगडाच्या फटीत एक दिसला. त्याच्यावर उजेड फार वेळ ठेवला नाही. बेडकांच्या डबक्याजवळ पडदा लावायचा नाही, हाही आमचा नियम होता, कारण दिव्यानं जमलेल्या किड्यांमागे बेडूक येतात आणि त्यांचं विणीचं काम मागे पडतं.

पहाटे शीळकरी कस्तुरानं जागं केलं. माणसानं निवांत शीळ घालत जावं तसा त्याचा आवाज ओढ्याकडून येत होता. पडद्याजवळ गेलो तर कोतवाल आणि बुलबुल आधीच हजर. उजाडल्यावरही कापडावर बसून राहिलेले पतंग त्यांना आयतेच मिळतात. म्हणूनच दिवा रात्रभर जाळायचा नसतो आणि पहाटेच्या आत पडदा झटकून पतंगांना झुडपात सोडून द्यायचं असतं. आम्ही रात्रीच झटकला होता, तरी काही चुकार परतले होते. ते हलक्या हातानं उचलून जांभळीच्या आतल्या पानांवर ठेवले.

दिवसाची फेरी हिरण्यकेशीकडे. इथे गुहेतून नदी उगम पावते आणि आजऱ्याकडे वळून पुढे घटप्रभेला मिळते. देवळासमोरच्या कुंडात 2020 मध्ये माशाची एक नवी जात नोंदली गेली, शिस्टुरा हिरण्यकेशी. गावानं देवाचं म्हणून राखलेलं पाणी होतं, त्यामुळे मासाही राहिला. 2021 मध्ये राज्य सरकारनं या जागेला जैविक वारसा स्थळ जाहीर केलं. वाटेत शेकरानं आमच्यावर दटावणीचा आवाज काढला. कोकणात वीण घालायला नुकताच आलेला नवरंग झाडोऱ्यात दोन सुरांत हाक देत होता. करवंदं संपत आली होती, जांभळं पिकली होती.

दिवसा पतंग बघायचे तर पानांखाली बघावं. रात्री पडद्यावर आलेल्यांची मुलं तिथे जेवत असतात. ऐनाच्या पानावर टसरची हिरवी जाड अळी सापडते. विदर्भात गडचिरोली-भंडाऱ्याकडे याच पतंगाच्या कोशातून टसर रेशीम काढतात आणि कित्येक कुटुंबांचा संसार त्यावर चालतो. सागावर पहिल्या पावसाबरोबर पानं फस्त करणारी अळी येते, झाड ओकंबोकं होतं आणि महिन्याभरात नव्या पालवीनं भरतं. काटेरी झुपक्यांची हिरवी अळी दिसली की मुलांनी हात मागे घेतले. ती घोणस अळी. 2022 च्या पावसाळ्यात ती चावली की माणूस मरतो अशी अफवा राज्यभर फिरली आणि लोक शेतात जायला घाबरू लागले. तिच्या काट्यांचा दाह होतो, तीव्र होतो, पण ती माणसाच्या मागे लागत नाही. तिचाही पुढे पतंगच होतो. लहानसा, तपकिरी, कुणाच्या लक्षातही न येणारा.

नोंद कोण ठेवणार?

या अभ्यासाची परंपरा आपल्या भागात जुनी आहे. जॉर्ज हॅम्पसन यांनी 1892 ते 1896 या काळात भारतातल्या पतंगांवर चार खंड लिहिले आणि आजही ओळख पटवताना अभ्यासक त्यांच्याकडे वळतात. हॉक मॉथवरचा खंड 1937 मध्ये आला. त्याचे एक लेखक टी. आर. बेल हे मुंबई इलाख्याच्या वनखात्यातले अधिकारी, मुक्काम कारवार, याच घाटरांगेच्या पायथ्याशी. बेल यांनी अळ्या घरी वाढवल्या, कोणती अळी कोणत्या झाडावर जगते ते वर्षानुवर्षं टिपून ठेवलं. या घाटातल्या पतंगांच्या खाद्य वनस्पतींबद्दल आपल्याला जे माहीत आहे, त्यातलं बरंच त्यांच्या या चिकाटीतून आलं.

चिकाटीनं ठेवलेली नोंद काय देते ते ब्रिटनमध्ये दिसलं. तिथे अनेक दशकं ठराविक ठिकाणी रोज रात्री सापळे लावून मोजणी चालू आहे. त्यातून कळलं की 1968 ते 2017 या काळात मोठ्या पतंगांची संख्या सुमारे एक तृतीयांशानं घटली. शेतीची पद्धत, कीटकनाशकं, तुटलेली झाडी अशी कारणं आहेतच, पण रात्रीचा उजेडही त्यात आहे. 2021 मध्ये डग्लस बॉइज आणि सहकाऱ्यांनी इंग्लंडातल्या रस्त्याकडेच्या झुडपांतल्या अळ्या मोजल्या. पथदिव्यांखालच्या झुडपांत त्या अंधारातल्यापेक्षा 47 टक्क्यांनी कमी होत्या, गवतात 33 टक्क्यांनी. जुन्या पिवळ्या सोडियम दिव्यांपेक्षा पांढऱ्या एलईडीचा परिणाम जास्त होता.

हे वाचून घाटाकडे पाहिलं की काळजी वाटते. सह्याद्रीच्या कडेनं हॉटेलं, बंगले, विश्रामगृहं वाढत आहेत. प्रत्येकाच्या फाटकावर, कुंपणावर, झाडांच्या बुंध्याशी पांढरे झगझगीत दिवे संध्याकाळी सात ते सकाळी सात जळतात. त्या उजेडात कुणी बसलेलं नसतं. आम्ही एका रात्री काही तास दिवा लावतो, तो नियम आणि वेळ पाळून. हे दिवे वर्षभर सापळ्यासारखे चालतात आणि त्यांच्यात अडकलेल्यांची नोंद कुणी घेत नाही. झाड तोडलं तर गाव आरडाओरडा करतं. अंधार तोडला जातो तेव्हा कुणालाच काही गेल्यासारखं वाटत नाही. अंधार हाही रानाचा भाग आहे, पाण्याइतका आणि मातीइतका. तो राखला नाही तर झाडं राहतील आणि त्यांच्यावर जगणारं, त्यांची फुलं फळवणारं जग निघून जाईल.

अंधार राखता येतो, याचा दाखला महाराष्ट्रातच आहे. जानेवारी 2024 मध्ये पेंच व्याघ्र प्रकल्पाला भारतातलं पहिलं डार्क स्काय पार्क म्हणून आंतरराष्ट्रीय मान्यता मिळाली. तिथे तारे दिसावेत म्हणून दिवे आवरले आणि त्याचा फायदा रात्री उडणाऱ्या प्रत्येक जिवाला आपोआप होतो. आंबोली, कोयना, भीमाशंकर, राधानगरी यांच्या भोवतालच्या गावांना हे अशक्य नाही. दिव्याला वरून टोपी, उजेड जमिनीकडे, रंग पिवळसर आणि दहानंतर बंद, एवढी चार कामं ग्रामपंचायतीच्या एका ठरावात बसतात. पर्यटनाचं काही बिघडणार नाही. उलट काजवे आणि तारे बघायला येणारा पाहुणा अंधारासाठीच पैसे मोजतो.

दिवाळीत घरोघर आकाशकंदील लागतात आणि भाताच्या खाचरांतले हिरवे तुडतुडे दिव्याभोवती जमू लागतात. सणाचे दिवे सणाच्या वेळेपुरते जरूर लावा, झोपताना मालवा. दारचा आणि गच्चीवरचा दिवा रात्रभर जळत असेल तर तो आजपासून बंद करा. पावसाळ्याच्या तोंडाशी एका संध्याकाळी गच्चीत पांढरी चादर टांगा, मुलांना जवळ बसवा, आलेल्यांचे फोटो काढून तारीख-ठिकाणासह आयनॅचरलिस्टवर किंवा 'मॉथ्स ऑफ इंडिया'च्या संकेतस्थळावर टाका. जुलैच्या शेवटच्या पूर्ण आठवड्यात जगभर पतंग सप्ताह पाळला जातो. पुढच्या वर्षी त्यात तुमच्या गावाची नोंद असू द्या.